वाचता येणाऱ्याचे देणे



‘दर रविवारी मिस्साला येतो, फादरांचे प्रवचन ऐकतो, घरी जपमाळेची प्रार्थना करतो; मग आणखी पुस्तके वाचायची कशाला?’ असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. कुणी तो बोलून दाखवतात, कुणी दाखवत नाहीत. त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो आणि तो अधिक अवघड आहे. ‘आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. सहीची वेळ आली की ती अंगठा लावायची. पण तिच्यासारखी श्रद्धा आज आमच्या शिकलेल्या घरात कुणापाशीही नाही. मग वाचनाने श्रद्धा वाढते, हे खरे कसे मानायचे?’

पुस्तकांचे महत्त्व सांगणारे लेख बहुधा या दुसऱ्या प्रश्नाला वळसा घालून पुढे जातात. आज आपण तसे करू नये. या आजीने विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या.

आजीचे म्हणणे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. आपल्या प्रभूने स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही. त्याने एकदा खाली वाकून बोटाने जमिनीवर काही लिहिले, असे योहानाच्या शुभवर्तमानात येते. पण काय लिहिले, ते कुणी नोंदवून ठेवलेले नाही. पेत्र आणि योहान यांच्याकडे पाहून यरुशलेमच्या पुढाऱ्यांना आश्चर्य वाटले, कारण ही माणसे शिकलेली नव्हती, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितले आहे. विश्वास ऐकण्यातून येतो, हे संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिले. स्वर्गाच्या दारात कुणाचीही वाचनाची परीक्षा घेतली जाणार नाही, हे आपण मोकळ्या मनाने मान्य करू या.

पण आजीच्या श्रद्धेचा थोडा मागोवा घेऊन पाहा. तिला उधळ्या पुत्राची गोष्ट ठाऊक होती. हरवलेले मेंढरू, विधवेची दोन नाणी, चांगला शोमरोनी, हे सगळे तिच्या ओळखीचे होते. हे तिला कुणी सांगितले? कुणा फादरांनी, कुणा सिस्टरांनी, गावोगाव पायी किंवा सायकलवर फिरणाऱ्या एखाद्या कॅटेकिस्टने. त्यांनी ते कुठून घेतले? वाचून. कुणीतरी कंदिलाच्या उजेडात तो उतारा आधी स्वतः वाचला, त्यावर विचार केला आणि मग आजीच्या ओसरीवर येऊन सांगितला. आजीची श्रद्धा वाचनावाचून उभी राहिली असे आपल्याला वाटते, पण तिच्या वाट्याचे वाचन दुसऱ्या कुणीतरी केले होते.

आता ती जागा आपली आहे. आपल्या आईवडिलांनी काबाडकष्ट करून, कुणी खाणीत उतरून, कुणी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून आपल्याला शाळेत घातले. आपल्याला वाचता येते. ही आपली खाजगी मालमत्ता आहे की आपल्या अंगावरचे देणे आहे, हा आमच्या मते वाचनाविषयीचा खरा नैतिक प्रश्न आहे.

वाचणे म्हणजे ऐकणे

आज आपण एकट्याने, मनातल्या मनात वाचतो. पूर्वी तसे नव्हते. मिलानचे बिशप संत आंब्रोज ओठ न हलवता वाचत असत, याचे संत ऑगस्टीनला इतके नवल वाटले की त्याने आपल्या आत्मकथनात ते लिहून ठेवले. पुस्तक वाचायचे म्हणजे मोठ्याने, शेजारच्याला ऐकू येईल असे, हीच त्या काळची रीत होती. प्रेषितांच्या कृत्यांमधली इथिओपियाच्या अधिकाऱ्याची गोष्ट आठवा. तो रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता आणि फिलिपला ते ऐकू आले. वाचतोस ते समजते का, असे फिलिपने त्याला विचारले. कुणी समजावून सांगितल्याशिवाय कसे समजणार, अशा अर्थाचे उत्तर त्या मोठ्या अधिकाऱ्याने दिले आणि फिलिपला वर बोलावून शेजारी बसवले. पुस्तक, वाचणारा आणि समजावून सांगणारा असे तिघे एका रथात आल्यावरच त्या प्रवासाची अखेर बाप्तिस्म्यात झाली.

वाचन हे एक प्रकारचे ऐकणेच आहे, असे म्हटले तर त्याचा नैतिक अर्थ लगेच स्पष्ट होतो. आपण दुसऱ्याचे कितपत ऐकतो? घरात नवरा-बायकोचे बोलणे सुरू झाले की एकाचे वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचे उत्तर तयार असते. मुलगा काही सांगू लागला की वडील ‘मला ठाऊक आहे’ म्हणून मोकळे होतात. धर्मग्रामाच्या सभेतही आपण पुष्कळदा बोलणाऱ्याचे ऐकत नाही, फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहतो. पुस्तकापुढे मात्र ही घाई चालत नाही. लेखकाला मध्येच अडवता येत नाही. पुस्तक मिटून टाकता येते, किंवा त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेता येते. जो माणूस रोज थोडा वेळ असे ऐकून घेण्याची सवय लावतो, त्याला घरातल्या माणसाचे ऐकणेही हळूहळू जमू लागते. वाचनाचा रोजच्या जीवनाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही सर्वांत आधी हे सांगू.

आपल्याच रेल्वेमार्गावरची एक गोष्ट

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांना ठाऊक आहे. ते प्रॉटेस्टंट होते. पण त्यांच्या भक्तिगीतांनी सगळ्या मराठी ख्रिस्ती समाजाला आपलेसे केले आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वी टिळक काही काळ आपल्या नागपुरात होते. संस्कृतचे पंडित, उत्तम कवी आणि वादात कुणाला हार न जाणारे. १८९३ च्या सुमारास नोकरीच्या शोधात ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा हा लोहमार्ग कामठी सोडल्यावर कन्हान नदीचा पूल ओलांडतो आणि आपल्या कन्हान स्टेशनातून पुढे भंडारा, गोंदियाकडे जातो. आपल्यापैकी कितीतरी जण त्या मार्गाने रोज कामाला जातात.

त्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांचे बोलणे झाले. कविता, धर्म असे विषय निघाले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळकांना त्या पुस्तकाची ओढ नव्हती. सुरुवातीला ते फारसे आवडलेही नाही. पण शब्द दिला होता, म्हणून त्यांनी वाचन सोडले नाही. वाचता वाचता ते मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथे त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना. पुढे मनात पुष्कळ झगडा झाला, घरच्यांचा वियोग सोसावा लागला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही गोष्ट आपण बहुधा धर्मांतराची गोष्ट म्हणून सांगतो. आज तिच्याकडे वाचनाची गोष्ट म्हणून पाहू या. पुस्तक देणाऱ्याने वाद जिंकण्याचा प्रयत्न केला नाही. त्याने पुस्तक हाती दिले, वचन घेतले आणि तो आपल्या वाटेने गेला. घेणाऱ्याने आपली विद्वत्ता आड येऊ दिली नाही. आपल्याला पटत नसलेल्या पुस्तकाचेही म्हणणे, शब्द दिला म्हणून, त्याने प्रामाणिकपणे ऐकून घेतले. त्या काळी एका ब्राह्मण पंडिताने ख्रिस्ती पुस्तकाला असा न्याय देणे सोपे नव्हते.

आणि त्यानंतरचा भागही महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. लग्नानंतर टिळकांनी त्यांना लिहावाचायला शिकवले. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील श्रेष्ठ पुस्तकांपैकी एक मानले जाते. टिळकांनी आपले वाचन स्वतःपुरते ठेवले असते, तर मराठी भाषा या पुस्तकाला मुकली असती.

आपणही तसाच न्याय देतो का?

टिळकांचे कौतुक करणे सोपे आहे. पण त्यांनी आपल्या पुस्तकाला जो न्याय दिला, तो आपण इतरांच्या पुस्तकांना देतो का? कन्हान-कामठी परिसरात आपले शेजारी कोण आहेत, ते पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. आज तो आपल्या कितीतरी शेजाऱ्यांच्या घरी आदराने ठेवलेला असतो. शेजारच्या वारकऱ्याच्या घरी तुकोबांची गाथा असते. आपण वर्षानुवर्षे एका नळावर पाणी भरतो, एका पाळीत काम करतो, एकमेकांच्या लग्नात जेवतो. पण शेजारी ज्या पुस्तकापुढे डोके टेकवतो, त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. मग ऐकीव गोष्टींवर आपण त्यांच्याविषयी मत बनवतो. आपल्याविषयी कुणी असेच ऐकीव मत बनवले की आपल्याला वाईट वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जे पत्रक काढले, त्यात अशी शिकवण दिली की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही. पण काय सत्य आणि काय पवित्र, हे न वाचता कसे कळणार? आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे टिळक सांगत असत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तुकाराम दूर सारला नाही.

इथे काही पालकांना भीती वाटते. ‘मुलांनी वाटेल ते वाचले तर त्यांचा विश्वास डळमळणार नाही का?’ ही भीती खोटी नाही. सगळीच पुस्तके चांगली नसतात. काही मन गढूळ करतात, काही द्वेष शिकवतात. सगळे पारखून घ्यावे आणि चांगले ते धरून ठेवावे, असा सल्ला संत पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना दिला होता. पारखण्यासाठी आधी हातात घ्यावे लागते आणि पारखायला कुणीतरी शिकवावे लागते. आपली मुले नागपूरच्या कॉलेजात जातात. तेथे त्यांना विचारले जाते, ‘तुमचा येशू खरोखर होऊन गेला का? देव असेल तर लहान मूल का मरते?’ मुलगा तो प्रश्न घरी आणतो आणि आपण ‘असले प्रश्न विचारू नयेत’ म्हणून त्याला गप्प करतो. तो गप्प होतो आणि काही दिवसांनी मिस्साला येणेही बंद करतो. त्याने जास्त वाचले म्हणून तो दूर गेला, असे आपण म्हणतो. वास्तविक त्याच्या रथात चढून शेजारी बसायला एकही फिलिप घरात नव्हता, कारण घरातल्या मोठ्या माणसांनी स्वतः काही वाचलेले नव्हते.

पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाविषयी एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी तरुणपणची एक आठवण दिली आहे. १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनातील सान्ता फे येथील येशूसंघीयांच्या शाळेत ते साहित्य शिकवीत. अभ्यासक्रमात एक जुने वीरकाव्य होते आणि मुलांना ते नकोसे वाटे. त्यांना नवे कवी हवे होते. तेव्हा त्यांनी ठरवले की जुने काव्य मुलांनी घरी वाचावे आणि वर्गात त्यांना आवडणाऱ्या लेखकांवर बोलावे. असे आवडीपासून सुरू केल्यावर मुलांना वाचनाची गोडी लागते आणि ती पुढे स्वतःहून कठीण पुस्तकांकडे वळतात. आपले कॅटेकिजमचे शिक्षक आणि पालक यांनी हे लक्षात घ्यावे. मुलाला क्रिकेटपटूचे चरित्र आवडत असेल तर तेथून सुरुवात होऊ द्या.

सेवाकार्य आणि पुस्तक

आता आपल्या सेवेविषयी. मराठीतील पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ कसा जन्मला, ते पाहण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. तेथे पोर्तुगीज सत्तेने लोकांचे जुने ग्रंथ हिरावून घेतले होते. हा अन्याय होता, हे आज आपण स्पष्टपणे म्हणावे. अशा वेळी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने फादरांना विचारले की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरे पुराण का देत नाही? फादर स्टीफन्स यांनी त्या माणसाचे ऐकले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यातून उभे राहिले. १६१६ साली ते राशोल येथे छापले गेले आणि रविवारी, सणाच्या दिवशी देवळात जमलेल्या लोकांपुढे वाचले जाऊ लागले. लोकांची भूक आधी होती आणि पुस्तक नंतर आले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आणखी हृदयस्पर्शी आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याकडे आलेल्या बायका बहुतेक खेड्यापाड्यांतल्या, दुष्काळाने आणि वैधव्याने गांजलेल्या. त्या काळच्या बायबलचे संस्कृतप्रचुर मराठी त्यांना समजत नसे. संस्कृत ग्रंथ मुखोद्गत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळे बायबल भाषांतरित करायला घेतले. मुक्तीतल्या बायकांनी स्वतः खिळे जुळवून ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूघरी गेल्या, तोपर्यंत त्या हे काम करीत होत्या. ज्याला अधिक वाचता येते त्याच्यावर अधिक देणे असते, हे त्यांनी जगून दाखवले.

आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलला ज्यांचे नाव आहे, ते संत फ्रान्सिस डी सेल्स हेही याच वाटेचे. १५९४ साली तरुण धर्मगुरू म्हणून ते शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा त्यांचे प्रवचन ऐकायला कुणी येईना. मग ते रात्री हाताने पत्रके लिहीत आणि लोकांच्या दारांच्या फटीतून आत सरकवत. पुढे १६०९ साली त्यांनी भक्तिजीवनावर पुस्तक लिहिले ते मठातल्या लोकांसाठी नव्हे, तर घरसंसार, व्यापार, शिपाईगिरी करणाऱ्या प्रापंचिकांसाठी. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखकांचे आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपल्या हातात असलेल्या या साध्या रविवारच्या पत्रिकेचे मूळही त्या दारातून सरकवलेल्या पत्रकांतच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मिस्सात वाचन करणाऱ्या बंधुभगिनींना येथे एक विनंती. वेदीजवळ उभे राहिल्यावर पहिल्यांदा तो उतारा पाहू नका. शनिवारी रात्री घरी तो दोनदा मोठ्याने वाचा. कोण कुणाला आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे, ते समजून घ्या. समोरच्या बाकावर बसलेल्या एखाद्या निरक्षर आजीला त्या आठवड्यात देवाचा शब्द फक्त तुमच्या आवाजातून मिळणार आहे.

दमलेल्या माणसाने काय करावे?

‘हे सगळे ठीक आहे, पण रात्रपाळी करून आल्यावर पुस्तक हातात धरवत नाही,’ असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. कोळशाच्या खाणीत आठ तास घालवलेल्या माणसाला आळशी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. दिवसभर शाळेत शिकवून घरी स्वयंपाकाला लागणाऱ्या बाईलाही नाही. तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी संत पौल काय मागतो, ते पाहा. तो तुरुंगात आहे, मृत्यू जवळ आलेला दिसतो आहे, थंडी पडायच्या आत तिमथीने यावे अशी त्याची इच्छा आहे. त्रोवस येथे राहिलेला झगा आणि पुस्तके, विशेषतः चर्मपत्रे, घेऊन ये, असे तो लिहितो. अंगाला पांघरूण आणि मनाला पुस्तक, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच वाक्यात मागितल्या. दमलेल्या शरीराला झोप हवी, हे देवाला ठाऊक आहे. पण मनालाही काही हवे असते आणि ते आपण त्याला काय देतो? रात्री अर्धा तास मोबाइलवर बोट सरकवत राहतो, आणि उठतो तेव्हा बसलो होतो त्याहून अधिक थकलेले असतो. त्यातली दहा मिनिटे पुस्तकाला द्यायला कुणाची हरकत असेल, असे वाटत नाही.

मोबाइलचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. एखाद्या जातीविषयी, धर्माविषयी, कधी कधी आपल्याच ख्रिस्तसभेविषयी आलेला मजकूर आपण पूर्ण न वाचता पुढे पाठवतो. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा आपण कोर्टापुरती समजतो. पण न वाचलेले, न तपासलेले चार जणांना पाठवणे ही साक्ष देणेच आहे. सावकाश वाचण्याची सवय असलेला माणूस निदान बोट दाबण्यापूर्वी क्षणभर थांबतो.

वाचूनही जागेवर बसलेले

वाचनाची बाजू मांडताना त्याच्या धोक्याविषयी बोलले नाही तर ते अर्धसत्य होईल. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक यरुशलेमला येऊन विचारतात की जन्मलेला राजा कुठे आहे. हेरोद राजा शास्त्र्यांना बोलावतो. शास्त्री धर्मग्रंथातून अचूक उत्तर देतात की तो बेथलेहेमात जन्मेल. त्यांचे वाचन बरोबर होते, संदर्भ बरोबर होता. पण बेथलेहेमला गेले ते परदेशी प्रवासी. शास्त्री यरुशलेमातच बसून राहिले, जेमतेम दोन-तीन तासांच्या वाटेवर. पुष्कळ वाचून आपणही असेच बसून राहू शकतो. प्रवचनातल्या चुका काढायला आपले वाचन उपयोगी पडते, पण आजारी शेजाऱ्याकडे जायला पाय उचलत नाहीत. तसे होत असेल, तर आपल्यापेक्षा अंगठा लावणारी आजी बरी. तिने जे ऐकले, ते ती करीत होती.

मग करायचे काय?

थोडेच सांगतो. सर्वांत आधी बायबल. सर्व भाविकांना पवित्र शास्त्र सहज उपलब्ध असावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी सांगितले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार देवाच्या शब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला. एका वेळी एकच शुभवर्तमान घ्या. संत मार्कचे सर्वांत लहान आहे. रोज थोडे वाचले तर महिन्याभरात सहज पूर्ण होते. ज्यांना बायबलची जुनी भाषा जड जाते, त्यांनी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ पाहावे. या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांनी भूषवले. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले, पण त्यांचे काम आपल्या हाती आहे. १९०३ साली फादर डोरिंग यांनी सुरू केलेल्या ‘निरोप्या’ मासिकाची आठवणही येथे करून देतो. घरात हिंदी, तमिळ, मल्याळम किंवा आणखी कोणती भाषा बोलली जात असेल, तर त्या भाषेत वाचा. ज्या भाषेत आपण रडतो आणि हसतो, तीच वाचनाला उत्तम.

दुसरे, धार्मिक पुस्तकांबरोबर एखादे चरित्र, एखादी कादंबरी, शेजाऱ्याच्या धर्माचे एखादे पुस्तकही वाचा. प्रश्न पडला तर तो दडपू नका. फादरांना विचारा, एकमेकांत बोला.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने वाचून थांबू नका. आपल्या वाडीत, आपल्या वसाहतीत असे कुणीतरी आहे ज्याला वाचता येत नाही. कुणाची नजर गेली आहे, कुणी अंथरुणाला खिळले आहे, कुणाला शाळा मिळालीच नाही. मोतीबिंदूने ज्यांना पत्रिकेची अक्षरे दिसत नाहीत, असे आजोबा मिस्सानंतर पत्रिका घडी करून खिशात ठेवतात, हे आपण पाहतोच. या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा आणि रविवारचे शुभवर्तमान त्यांना वाचून दाखवा. ते मध्ये काही बोलले, तर थांबून ऐकून घ्या. बऱ्याच वेळा उताऱ्याचा अर्थ वाचणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला आधी उमगलेला असतो.

कुणीतरी आपल्या आजीसाठी वाचले होते. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही आणि त्याचे उपकार त्याला परत करता येत नाहीत. ते पुढच्या माणसाला द्यायचे असतात. तसे करण्याची सुबुद्धी आणि त्यासाठी लागणारी दहा मिनिटे प्रभू आपणा सर्वांना देवो.